गाडीत काही नव्हतं

पालघरजवळच्या माहीमहून हरीचा शेजारी सायकल मारत आला तेव्हा दुपारचे बारा वाजायचे होते आणि मी वर्कशॉपमध्ये लेथवर उभा होतो. त्यानं फक्त "डॉक्टर गेले" एवढंच सांगितलं. मी मशीन बंद केलं, हात पुसले आणि त्याच्या मागोमाग निघालो. हरीला कावीळ झाल्याचं मला माहीत होतं. आठ दिवसांपूर्वीच मी त्याला भेटून आलो होतो. अंगणात खाट टाकून पडला होता, डोळे पिवळे झाले होते, पण नेहमीसारखा गुरांच्या आजारांवर बोलत होता. त्या दिवशी मी त्याला एक गोष्ट सांगायची ठरवून गेलो होतो. अर्धा तास बसलो, उसाचा रस प्यायलो आणि "बरा हो, मग निवांत बोलू" म्हणून उठलो. त्याला जाऊन आता सात आठवडे होत आले. हरिश्चंद्र राऊत, म्हणजे आमचा हरी, याच्याबद्दल लिहायचं तर ती गोष्ट वगळून लिहिता येणार नाही.

आम्ही पालघरच्या शाळेत एका बाकावरचे. तो पुढे मुंबईला गुरांचा डॉक्टर व्हायला गेला, मी फिटरचं काम शिकलो. परत आल्यावर त्याला तालुक्यातच नोकरी मिळाली. पश्चिमेला शिरगाव, माहीम, केळवे, उत्तरेला बोईसर, तारापूर, आणि पूर्वेला डोंगरातले पाडे, एवढा मुलूख त्याच्याकडे. सुरुवातीची वर्षं तो सायकलवर फिरला. डोंगरातल्या माणसाचा बैल पडला की त्याची अख्ख्या वर्षाची शेती पडते, हे तो मला नेहमी सांगायचा. म्हणून त्याला फटफटी हवी होती. बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. मुंबईत एकाकडे लष्कराच्या लिलावातली जुनी मोटारसायकल विकायला आहे असं त्याला कळलं, आणि यंत्रातलं कळतं म्हणून गाडी बघायला तो मला घेऊन गेला.

गाडी मीच पसंत केली. इंजिन सुरेख होतं, एका लाथेत सुरू झालं. चौकटीच्या डाव्या बाजूला दोन-तीन ठिकाणी काहीतरी कापून, कानस मारून वर रंग दिलेला दिसला. मी त्यावरून बोटही फिरवलं. सामानाची पेटी अडकवायला लोखंडी कान असतील, लष्करातली गाडी आहे, असं म्हणून मी पुढे गेलो... ते बोट फिरवलेलं मला आजही आठवतं.

हरी पहिल्या दिवसापासून सांगत होता की गाडी हळू चालवली तर गुणी आहे, पण वेग घेतला की हँडल आपोआप डावीकडे-उजवीकडे हलायला लागतं आणि मग आवरत नाही. मी एका रविवारी चाकांचे स्पोक ताणले. दुसऱ्या रविवारी हँडलच्या मानेतले छर्रे बदलले. टायर बदलला, हवा कमी-जास्त करून पाहिली. स्वतः चालवून पाहिली तेव्हा मलाही हँडल हलकं वाटलं, पण पालघरच्या खडबडीत रस्त्यावर मी काही फार वेग घेतला नाही. एवढं सगळं करूनही तो पुन्हा तेच सांगायला आला तेव्हा मला राग आला. माझ्या कामावरच तो शंका घेतोय असं वाटलं. मी म्हणालो, गाडीत काही नाही, तू घाबरून हँडल घट्ट धरतोस म्हणून ती हलते. हरी जरा हसला. यंत्राच्या बाबतीत तो माझा शब्द मोडत नसे. त्यानंतर त्यानं कधी तक्रार केली नाही.

हरीच्या बायकोचं, आमच्या सुशीलावहिनींचं, माहेर तारापूरचं. त्या वर्षी दिवाळीनंतर दोघं फटफटीवरून तिकडे निघाले. बोईसर सोडलं, पुढे सरळ मोकळा रस्ता लागला, वहिनींनीच म्हटलं की जरा जोरात घ्या. उतारावर हँडल हलायला लागलं आणि गाडी दोघांना घेऊन रस्त्याखाली मिठागराच्या बांधावर जाऊन पडली. हरीला खरचटलं. वहिनींचा गुडघा गाडीखाली आला.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसला होता. शर्टावर चिखल सुकला होता. मला जवळ बसवून म्हणाला, "विनू, तू गाडी उघडून पाहिली आहेस. खरं सांग, गाडीत काही होतं का?"

मला तेव्हा खरंच काही माहीत नव्हतं, एवढीच काय ती माझी बाजू. मी म्हणालो, "गाडीत काही नव्हतं, हरी."

त्यानं मान हलवली. वहिनींचा पाय बरा झाला, पण गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही आणि त्या कायमच्या लंगडत चालू लागल्या. हरीनं फटफटी मागच्या पडवीत ढकलली, वर गोणपाट टाकलं आणि पुन्हा सायकल काढली.

पुढे तारापूरला वीजघराचं काम सुरू झालं. बोईसरला कुठकुठली माणसं येऊन राहू लागली, स्टेशनाबाहेर मराठीइतकीच हिंदी ऐकू येऊ लागली. त्यातल्याच एका क्रेन चालवणाऱ्या सरदारजीनं हरीची फटफटी विकत घेतली. व्यवहार माझ्यामार्फत झाला. पडवीतून गाडी बाहेर काढली, त्यानं एक फेरी मारली, उकिडवा बसून चौकटीच्या डाव्या बाजूला हात फिरवला, मग पुढचं चाक धरणाऱ्या फोर्ककडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "बाबूजी, इसके साथ डिब्बा जुड़ा था।"

हरी तेव्हा दौऱ्यावर होता. डिब्बा म्हणजे साईडकार. ती जोडलेली गाडी तीन चाकांवर चालते, वळवायला जड जाते. म्हणून पुढच्या फोर्कला जरा लांब पट्ट्या घालून चाक पुढे सरकवतात, म्हणजे हँडल हलकं होतं. साईडकार काढली की त्या पट्ट्याही बदलाव्या लागतात. नाही बदलल्या तर दोन चाकांवर तेच हलकं हँडल वेगात मनानं हलू लागतं. कुणीतरी डबा काढला होता, कान कापले होते, रंग दिला होता आणि पट्ट्या तशाच ठेवल्या होत्या. सरदारजीनं पंधरा दिवसांत माप घेऊन आखूड पट्ट्या घडवल्या. आमच्या वर्कशॉपमध्ये मला ते एका दुपारचं काम होतं. नंतर बोईसरला भेटला तेव्हा त्यानं आग्रहानं मला गाडी चालवायला दिली. मी तारापूरच्या रस्त्याला लागलो, त्याच उतारावर वेग घेतला. गाडी रुळावरून जावी तशी गेली. मिठागरापाशी मी थांबलो आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

त्या संध्याकाळी मी माहीमला गेलो. सांगायचंच होतं. वहिनी पाय ओढत चहा घेऊन आल्या, हरीनं उठून त्यांच्या हातातून कप घेतले. मग मला विचारलं, गाडी कशी चालते त्याच्याकडे? मी म्हटलं, बरी चालते. तो म्हणाला, "चालणारच. चालवणारा पाहिजे." यात टोमणा नव्हता, तो खरोखरच तसं मानत होता. तेव्हाच मी बोललो असतो तर... पण वहिनी तिथे उभ्या होत्या. यांचा पाय माझ्यामुळे गेला, हे त्यांच्यासमोर उच्चारायची माझी छाती झाली नाही. एकदा राहिलं ते राहिलंच. पुढच्या भेटीत सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. दर भेटीत ते ओझं वाढत गेलं.

हरीला मी नंतर एकदा म्हटलं, दुसरी गाडी घे, मी बघून देतो. तो नको म्हणाला, आपल्या हाताला ते जमत नाही. पुढच्याच वर्षी तो डोंगराकडच्या एका पाड्यावरून परतताना माझ्याकडे थांबला. दिवसभर सायकल मारून पोचेपर्यंत एका वारली माणसाचा बैल गेला होता. त्या माणसानं राग केला नाही, पाणी दिलं आणि एवढंच म्हणाला, "डागदर, तुमी फटफटीवर आले असते तं बैल वाचला असता. आता फटफटी नाय काय?" हे मला सांगताना हरी खाली बघत होता. मी त्याला जेवायला थांब म्हटलं.

गेल्या रविवारी मी माहीमला गेलो. वहिनी ओसरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. हे काम हरी करायचा, रोज कामावरून आल्यावर, हातपाय धुवायच्या आधी, हे मला त्या दिवशी कळलं. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. कापलेले कान, लांब पट्ट्या, सरदारजी, तो उतार, आणि त्यानंतरची गप्प राहिलेली पाच वर्षं. सांगून झाल्यावर मी मान वर केली नाही. त्या रागावतील, रडतील, निदान घरातून जा म्हणतील असं वाटत होतं.

त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"मला कशाला सांगता, भाऊजी? मी त्यांना कधीच बोल लावला नव्हता. त्यांना सांगायचं होतंत."

मागच्या वाडीत कुणीतरी पानवेलींना पाणी सोडत होतं. मी जायला उठलो तसं त्यांनी हातानं खूण करून बसवलं. अंगणातली त्याची खाट अजून तिथेच होती, गादी काढून टाकलेली. वहिनी जराशा सरकून खाटेकडे तोंड करून बसल्या.

"आता पुन्हा एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. जरा मोठ्यानं."

मी सांगितलं.