थेंबही न घेतलेला दारुड्या

माझा पुतण्या कडुबा, देवगाव रंगारीचा. आमच्या अख्ख्या भावकीत त्याच्याइतका कोरडा माणूस नाही. दारू सोडा, चहासुद्धा बशीत गार करून पितो, कारण गरम घोट पोटात गेला की त्याचं तोंड लालभडक होतं. आणि गावात त्याला म्हणतात काय? दारुड्या! कसं ते ऐका.

हे नाव पडलं त्याच्या हळदीला. लग्न सासुरवाडीला, कन्नडजवळ. मे महिना, पत्र्याचा मांडव. आमच्याकडं नवरदेवाला हळद लावतात म्हणजे नुसती बोटं टेकवत नाहीत, भावजया वर्षाचा राग काढून घासतात. कडुबाच्या पाठीवर मसुरीची डाळ सांडल्यासारखे तपकिरी डाग, पोरवयापासूनचे. एक भावजय म्हणाली, "भाऊजी, हे डाग आज काढूनच सोडते!" घासता घासता डाग फुगले, अंगभर गांधी उठल्या आणि नवरदेव पाटावरून खाली. पित्त उठलंय म्हणून कुणीतरी घोंगडं आणलं आणि त्यानं आणखी रगडलं. आमचा पिढीजात उपाय. त्यानं तर गड्याचे डोळेच फिरले.

सासरा मोतीराम लई चौकस. त्यानं वाकून जावयाचं तोंड हुंगलं.

"वास नाय येत," तो म्हणाला. "म्हंजी भारीतली पिलाय."

पंगतीचा स्वयंपाक झालेला होता, म्हणून लग्न लागलं. पुढं बायको रत्नमाला, नवरा उंबऱ्यात आला की आधी तोंड हुंगायची, मग पाण्याचा तांब्या द्यायची. कडुबा कन्नडच्या रस्त्यावर जीप चालवायचा. उन्हानं तोंड लाल झालं की बाया उतरून मागच्या जीपमधे बसायच्या. शेवटी मालकानं किल्ली काढून घेतली. "आईची आन घेतो," कडुबा म्हणायचा. लोक म्हणायचे, "सगळेच घेतेत."

गेल्या साली आम्ही दोघं संभाजीनगरला गेलो होतो. छावणीच्या बाजारात त्यानं दाढदुखीची गोळी घेतली अन् तिथंच आडवा झाला. "सकाळी सकाळीच लावली वाटतं!" असं म्हणत माणसं वळसा घालून जात होती. एक पोरगी तेवढी थांबली. चारुता तिचं नाव, कातडीच्या रोगांची डॉक्टर. तिनं गाडीत घालून दवाखान्यात नेलं, सुई टोचली. तो शुद्धीवर आला, तसा तिनं पेनाच्या बोथट टोकानं एक डाग घासला. आमच्यादेखत तो फुगून वर आला. मग रक्त तपासलं, कातडीचा तुकडा तपासला.

"आजोबा, अंगात मास्ट पेशी असतात," ती मला म्हणाली. "त्या कातडीची, आतड्यांची राखण करतात."

"ज्वारीच्या रानात गोफण घेऊन मचाणावर उभा असतो, तसा राखणदार?"

"अगदी तस्सा! पण यांच्या रानात राखणदार झालेत नको तितके, आणि सगळे घाबरट. कुणी घासलं, ऊन लागलं, एखादी गोळी पोटात गेली, की सगळे एकदम गोफणी सोडतात. पाखरू नसतंच, कणसं झोडपली जातात. म्हणून सूज, म्हणून लाली, म्हणून चक्कर. हे मुळासकट जायचं नाही, पण औषधानं आवरेल. आणि हे कुणाला लागत नाही."

"अन् दारू?" कडुबानं विचारलं.

"दारूचा काय संबंध?"

एवढा बाप्या माणूस, पण हमसून रडला. "तात्या, आता सासऱ्याच्या तोंडावर सांगतो!"

सोबत मीही गेलो. मोतीरामानं सगळं ऐकून घेतलं.

"दारू असती तं सुटली असती," तो म्हणाला. "ह्यो रोग सुटतो व्हय?"

"नाय. पन आवरतो."

"आन तुह्या लग्नाच्या पोरीला, प्रेरणाला निघाला तं?"

"डॉक्टरीन म्हनली, पोरायला सहसा व्हत नाय."

"सहसा! लोकं सहसा ऐकत्यात व्हय? रोग्याची पोरगी कोन करंल? गप ऱ्हा. दारुड्याच्या पोरीयची लग्नं रोज व्हत्यात."

दिवाळीनंतर प्रेरणाला बघायला पाहुणे आले. माणसं चांगली, मुलगा कामाधंद्याचा, पोरीच्या मनात भरलेला. मुलाच्या चुलत्यानं सुपारी कातरता कातरता विचारलं, "तुम्ही मागं छावणीत पडला होता म्हणे. काही आजारबिजार?"

रत्नमाला दारात उभी. तिला आता खरं माहीत होतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं अन् मान खाली घातली.

कडुबानं हात जोडले. "नाय हो. प्यायचो मी. आता सोडली."

चुलत्याचा चेहरा खुलला. "हात्तिच्या! सोडली ना? मग काय राहिलं!"

लग्न ठरलं. त्या खुशीत गावानं पारावर कडुबाचा सत्कार ठेवला, हार घातला, नारळ दिला. तरण्या पोरांना म्हणाले, "कशी सोडली, ते यांच्याच तोंडून ऐका." कडुबा उठला. आणि जिचा घोट कधी घशाखाली गेला नाही ती दारू आपण कशी सोडली, ते खाली बघून सांगू लागला. पुढच्या रांगेत मोतीराम बसला होता. शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाला, "जावई हाय माझा."