खुळखुळ्यावरचा मोनार्क

हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. उत्तर अमेरिकेतलं मोनार्क फुलपाखरू अख्ख्या सिंगापुरात एकाच माणसाला पुरतं कळलं होतं, आणि त्याच माणसाच्या हातात मी खोटा मोनार्क ठेवला.

तो माणूस म्हणजे टॅम्पिनीसला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका. बँकेतून निवृत्त, हृदयाचं दुखणं, त्यामुळे लांबच्या विमानप्रवासाला डॉक्टरांची कायमची मनाई. एकुलती एक लेक लीना टोरांटोला. तिच्या अंगणात मोनार्क येतो, असं ती कधीतरी फोनवर बोलून गेली आणि काकांनी त्या न पाहिलेल्या फुलपाखराचा संसारच मांडला. मोनार्कच्या अळ्या रुईवर वाढतात म्हणून कॉरिडॉरमध्ये रुईच्या कुंड्या आल्या. मोनार्क पंख उचलून कसा तरंगतो हे ते लिफ्टमध्ये दोन्ही हात वर करून दाखवत. शेजारची चिनी आजी भिंतीला चिकटून उभी राहायची. एमआरटी मेट्रोत दाखवलं तर घाबरून दोघांनी उठून जागा दिली. हॉकर सेंटरच्या खाद्यगाळ्यांवर पराठा समोर आला की रश्श्यात बोट बुडवून त्यावर पंखांच्या शिरा काढायचे. "अशी मागच्या पंखावर आडवी रेघ आली की तो व्हाइसरॉय, नकलाकार. रेघ नाही, तर मोनार्क. आणि पुढच्या पंखाच्या टोकाशी रुंद पांढरा पट्टा दिसला, तर हा आपला इथलाच कॉमन टायगर. गरिबांचा मोनार्क!" मग तिन्ही जाती खाऊन टाकायचे. काकू म्हणायच्या, "लग्नाच्या फोटोत मला ओळखता येत नाही यांना. म्हणे, तुझी मावशी ना ही?"

ऑफिसने मला टोरांटोला पाठवायचं ठरवलं, तेव्हा काका दारात आले. "अरे, एक काम करशील? लीनाकडे जाऊन ये. मोनार्क दिसला तर फोटो काढ." मग चपला शोधल्यासारखं खाली बघत म्हणाले, "आणि नाही दिसला, तरी जा."

मी गेलो नाही. एकच रविवार मोकळा होता, तो सहकाऱ्यांबरोबर नायगारा बघण्यात घालवला. परत आल्यावर काकांना तोंड दाखवायचं धैर्य होईना. आमच्या ब्लॉकखाली खुळखुळ्याच्या झुडपावर एक नारिंगी फुलपाखरू बसलं होतं. त्याचा फोटो काढला, छापून घेतला आणि लीनाच्या अंगणातला म्हणून नेऊन दिला.

काकांनी भिंग घेतलं. "आडवी रेघ नाही," ते खुशीत म्हणाले. भिंग पुढच्या पंखाच्या टोकाशी गेलं आणि तिथेच बराच वेळ थांबलं.

"वा," ते म्हणाले. मग भिंग खाली ठेवून, "लीना बरी आहे ना रे?"

"मजेत आहे, काका."

फोटो फ्रेम होऊन त्यांच्या टीव्हीच्या वर लागला. परवा त्यांच्या दाराशी बूट काढत होतो, तेव्हा जाळीतून काकूंचा आवाज आला. "अहो, लीना म्हणते, कोणी आलंच नव्हतं. आणि हा तर खालच्या झुडपावरचा टायगर! मलासुद्धा कळतंय आता."

"हळू बोल," काका म्हणाले. "मला पहिल्याच दिवशी कळलं. पण ती मजेत आहे म्हणाला ना तो? तेवढं राहू दे."

मी पुन्हा बूट चढवले. लीनाच्या दारापर्यंत जाणं आणि ती खरंच कशी आहे ते डोळ्यांनी बघून काकांना सांगणं, एवढं मी अजून देणं लागतो.