पाण्याखालच्या गावचा निवद

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी. इतिहासात एमए केलं, आता भालकीजवळच्या शाळेत इतिहासच शिकवते. हे मी कुणी न विचारताही सांगते, त्यात लाज कसली. तरी एका जत्रेपायी अशी गोंधळले की अजून धड सुचत नाही.

आमचं जुनं गाव धरणात गेलं, माझ्या जन्माआधी. देवीची मूर्ती नव्या गावात आणून बसवली. पण जत्रेच्या दिवशी भावकी आधी पाण्याच्या काठावर जाते, गाव होतं त्या अंगाला तोंड करून निवद दाखवते, आणि मगच नव्या देवळात नारळ फुटतो. हळूहळू एकेक घर गळत गेलं. गेल्या साली काठावर मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, एवढेच. यंदा भावकीत निघालं, पाण्याकडं जाणं बंदच करू.

अप्पांनी जेवण सोडलं नाही, बोलणं सोडलं. त्यांची समजूत काढावी म्हणून मी पुहारची हकीकत काढली. एमएच्या सहलीत आम्ही तमिळ मुलखात, कावेरी समुद्राला मिळते तिथं गेलो होतो. चोळ राजांचं बंदर होतं ते. जहाजातून घोडे यायचे, मिरी जायची, यवन म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांची वस्ती होती. सगळं समुद्रानं घेतलं. "एवढं मोठं शहर गेलं अप्पा, आपलं तर मूठभर गाव."

तिथं बघायला काहीच नव्हतं, हे नाही सांगितलं. मासे तळणाऱ्या एका बाईला मी हातवारे करून विचारलं, शहर कुठं? तिनं झारा समुद्राकडं केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि परत कढईत घातला. मी फोटो काढले. फोटोत नुसतं पाणी आलं.

"कामून बुडालं?" अप्पांनी विचारलं.

मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं मोठी लाट आली, कुणी म्हणतं समुद्र पिढ्यान्‌पिढ्या किनारा खात आला. आणि तिकडच्या जुन्या कथेत, राजाचं पोर जहाज फुटून हरवलं, त्याच्या शोधात राजा इंद्राचा उत्सव करायचा विसरला, म्हणून समुद्र शहरावर चालून आला.

अप्पांनी लाट सोडली, किनारा सोडला, कथा तेवढी धरली.

पारावर भावकी बसली. थोरले काका म्हणाले, "पान्याला निवद दावायचा तर माशांलाच देवी म्हना की." सगळे हसले.

अप्पा उठले. "समिंदराकाठच्या एका राजानं एक साल जत्रा चुकवली. सगळं शहर गेलं. माझी पोरगी जागा बघून आलीय."

हसणं थांबलं. काका माझ्याकडं वळले. "व्हय का, मास्तरीनबाई? खरं हाय?"

वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. पण नाही म्हणावं तर अप्पा काठावर एकटे पडणार.

"अशी कथा हाय," मी म्हणाले.

"कथा हाय म्हंजे कायतरी झालंच असंल," मागून काकू बोलली. "आन आपलं नवं गाव धरणाच्या भिंतीखालीच हाय, बाबा."

ठरलं. घरटी एक माणूस काठावर येणार. मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते, आणि खरं बोलले असंही म्हणवेना.

अप्पा खूश होतील वाटलं होतं. पण घराकडं येताना म्हणाले, "बाई, त्या राजानं चुकवली. आपून कवा चुकवली? पानी येनार त्या साली बी केली. चिखलातून पालखी नेली."

"अप्पा, आपलं गाव सरकारच्या हुकमानं गेलं. देवीचा काय संबंध?"

"ते ठावं हाय मला. नोटीस मीच घेतली हुती." थोडं चालून झालं. "तरी बी."

जत्रेला काठावर पुष्कळ माणसं आली. मनापासून आली का भिऊन, कोण जाणे. अप्पांनी कुणाकडं न बघता निवद दाखवला. मी शेजारी उभी राहून हात जोडले. काय मागावं ते काही सुचलं नाही.