डल्सीची टोपी

माझ्या पबच्या भिंतीवर आमच्या वॉरंडूल गावच्या घोड्यांच्या शर्यतींचे जुने फोटो आहेत, आणि ते सगळे डल्सी क्विल्टीने काढलेत. शेवटच्या खांबापाशी कॅमेरा घेऊन उभं राहायचं काम वर्षानुवर्षं तिचंच. कुठला घोडा नाकभर पुढे होता, हे पंच तिच्या फोटोवरून ठरवायचे.

एका वर्षी कपच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर दोघांतच चुरस उरली, माझा घोडा ब्लू केटल आणि तिच्या भावाची घोडी सँडफ्लाय. धुळीचा लोट उठलेला, लोक कुंपणावर चढलेले, आणि मी घसा बसेपर्यंत ओरडत होतो. दोघं खांबापाशी एकदमच आले. पंच म्हणाले, "डल्सीचा फोटो येऊ दे."

फोटो आला. त्यात नुसतं आकाश, आणि मधोमध डल्सीची पिसांची टोपी. घोड्याचं शेपूटसुद्धा नाही.

"वाऱ्यानं टोपी उडाली, ती धरताना हात हलला," डल्सी म्हणाली. पंचांनी कपाळावर हात मारून घेतला आणि शर्यत बरोबरीत सोडवली. त्या मेल्या वाऱ्याला मी आजवर शिव्या घालतोय.

तोच फोटो मी सगळ्यांत मोठा करून लावलाय. यंदाच्या कपला डल्सी काठी टेकत आली, तेव्हा मी तिला त्याच्यासमोरच गाठलं.

"म्हातारे, आता तरी कबूल कर. केटलच पुढे होता."

"कीथ, त्या दिवशी वारा होता कुठे?" ती म्हणाली. "आणि हरलेल्या घोडीसाठी कुणी आनंदानं टोपी हवेत उडवतं का रे?"