फायटिंगच्या खालच्या चार ओळी

आधी शोभाताईंचं नाव लिहिते. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. माझ्या गावच्या नाहीत. त्या दिंडोरीच्याच, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटीच्या टेबलावर बसून रजिस्टर लिहायच्या. मी सुरगाण्याच्या डोंगरातून मजुरांच्या टोळीबरोबर आलेली, आठवीत शाळा सोडलेली. त्यांना माझं काही देणंघेणं नव्हतं. तरी त्या बोलल्या. म्हणून आधी त्या, मग माझं.

"जीभ काढ."

विकीदादा असं म्हणाला तेव्हा टेबलाभोवती आम्ही वीस-बावीस बाया उभ्या होतो. डोक्याला जाळीची टोपी, हातात कात्री. काळ्या द्राक्षाचा माल चालू होता. घडातले खराब मणी कापायचे, घड डब्यात ठेवायचा. मणी तोंडात टाकायचा नाही. हा नियम आम्हाला पाठ होता. विकीदादा म्हणजे मालक अण्णांचा पुतण्या, आमच्यावर सुपरवायझर. वयानं माझ्याएवढाच. आमची नावं त्यानं कधी विचारली नाहीत. पेठच्या बायांना पेठ म्हणायचा, मला सुरगाणा.

"ए सुरगाणा, तुला सांगतोय. जीभ काढ. द्राक्ष खाल्लं का बघू."

मी काढली. हे लिहायला लाज वाटते, पण काढली. डॉक्टरसमोर काढतात तशी, सगळ्यांसमोर.

जीभ काळी होती. ती मशेरीनं. आमच्याकडच्या बाया सकाळी तंबाखू भाजून दाताला लावतात. इथं दुपारच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं परत लावायच्या. माझी दाढ दुखायची, मी जास्त लावायचे. चूळ नीट भरली नव्हती. पण पॅकहाउसमध्ये तंबाखूलाही बंदी. म्हणजे खरं सांगितलं तरी मी चोर.

त्यानं माझा जबडा धरला. हातमोज्याच्या हातानं. बैलाचे दात बघताना धरतात तसा. माझं तोंड एकेका बाईकडं फिरवलं.

"बघा. काळी जीभ. अण्णांचा माल परदेशात जायच्या आधी हिच्या पोटात जातो."

दोघी-तिघी हसल्या. आमच्याच टोळीतल्या. भीतीनं हसल्या असतील. पण हसल्या.

मी त्याचा हात झटकला. तेवढंच केलं. त्यानं कानाखाली मारली. टोपी खाली पडली. कानात शिट्टी वाजत राहिली.

"फायटिंग करते? माझ्याशी फायटिंग?"

हा शब्द मला नवा नव्हता. आश्रमशाळेत पोरं विचारायची, पिक्चरात फायटिंग हाय का? असली तरच बघायला बसायची. इथं हंगाम सुरू झाला तेव्हा अण्णांनी मशीनला नारळ फोडला आणि म्हणाले, यंदा मार्केटला फाइट द्यायची! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गावात निवडणूक लागली की म्हणतात, काट्याची फाइट आहे. म्हणताना माणसाची छाती पुढं येते. अण्णांनी दिली की फाइट मोठी. पुढाऱ्यानं दिली की मोठी. आणि दाराजवळ नियमांचा बोर्ड होता, त्यावर लिहिलं होतं, फायटिंग करणाऱ्यास तात्काळ काढण्यात येईल. तो बोर्ड अण्णांसाठी नव्हता. तो आमच्यासाठी होता.

दुसऱ्या दिवशी ऑडिट होतं. बाहेरचे साहेब येऊन सगळी रजिस्टरं तपासतात. काही घडलं असेल तर त्याची नोंद पाहिजे, नोंदीखाली सही पाहिजे. एवढ्या बायांनी बघितलेलं झाकता येत नव्हतं. म्हणून विकीदादानं स्वतः इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि मला लगेच ऑफिसात बोलावलं. आमच्या टोळीचे मुकादम काशिनाथकाका आधीच येऊन उभे होते. शोभाताई तिथंच त्यांच्या टेबलावर होत्या, काचेतून त्यांना आमचं टेबल दिसायचं.

"सही कर," विकीदादा म्हणाला. "किरकोळ आहे. एक दिवस घरी बस, परवा ये."

मी पेन घेतलं. खरं सांगते, मी सही करणार होते. घरी आईला काय सांगू, टोळीला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

शोभाताई म्हणाल्या, "थांब. वाचून दाखवते."

"तुम्ही तुमचं काम करा ताई."

"हेच काम आहे." त्यांनी रजिस्टर आपल्याकडं ओढलं. "इथं प्रकार लिहिलाय फायटिंग. म्हणजे मारामारी. कामगार बाईनं सुपरवायझरबरोबर मारामारी सुरू केली, तिला समज दिली, तिनं चूक कबूल केली. असं लिहिलंय. तू मारलंस याला?"

"नाही."

"त्यानं मारलं?"

"हो."

"मी बघितलंय. एकानं मारलं तर ती मारामारी होत नाही. आता तुझं तू ठरव."

विकीदादा लाल झाला. "ताई, पगार कशाचा घेता तुम्ही?"

"रजिस्टर वाचता येतं, त्याचा."

काशिनाथकाका माझ्या जवळ आले. हळू बोलले. "बाय, करून टाक ना सही. शब्दानं काय जातंय? लय दिवसांनी कामाची जागा गावली हाय. तुझ्या एकटीपायी आख्खी टोळी माघारी जाईल."

काका वाईट नाहीत. मला आजारपणात जीपनं गावी त्यांनीच पोचवलं होतं. पण ते म्हणाले, शब्दानं काय जातंय, आणि माझा कान परत वाजायला लागला. जबडा धरला तो माझा. तोंड फिरवलं ते माझं. आणि लिहायचं काय, तर मीच सुरू केली. वर ते मी कबूल करायचं. माझ्याच हातानं.

मी सही केली नाही. त्याच्या दोन ओळींखाली मराठीत लिहिलं. अक्षर वेडंवाकडं, आठवीतलं.

मी विकीदादांचा हात झटकला. त्यांनी मला मारले.
माझी जीभ सगळ्यांसमोर काढायला लावली, जबडा धरला.
द्राक्ष खाल्ले नाही. मशेरी लावली होती. ती चूक माझी.
फायटिंग झाली नाही.

त्याखाली सही केली. पूर्ण नावानं. सुरगाणा नाही.

विकीदादानं रजिस्टर हिसकावलं. पान फाडायला हात घातला आणि थांबला. प्रत्येक पानावर छापील नंबर असतो. पान गेलं की ऑडिटमध्ये पहिला प्रश्न तोच. व्हाइटनर लावायचा नाही. चुकलं तर वरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. हे नियम आम्हाला पहिल्याच आठवड्यात ओळीत उभं करून ऐकवले होते. ऐकवणारा विकीदादाच.

त्यानं माझ्या चार ओळींवर चार रेघा मारल्या. खालचं सगळं वाचता येत होतं.

साहेबांनी ते पान उघडलं की नाही, मला माहीत नाही. मला त्याच संध्याकाळी काढलं. कारण लिहिलं, कामाच्या जागी तंबाखूसेवन. ते मीच लिहून दिलं होतं ना. टोळी राहिली. त्यांना कुणी घालवलं नाही. खोलीवरून पिशवी घेऊन निघाले तेव्हा हसलेल्यांपैकी एक बाई दारात उभी होती. माझी टोपी हातात दिली.

आता मी नाशकात एका मेसमध्ये पोळ्या लाटते. गावी गेले नाही. गावात कुणीतरी सांगितलंय, मी फायटिंग करून काम घालवलं. आई फोनवर विचारते, "बाय, खरंच गं मारलंस कुणाला?" प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगते. कंटाळा येत नाही.

शोभाताईंना टेबलावरून उठवलं. आता क्रेट धुवायला लावलंय. पंधरा वर्षं रजिस्टर लिहिलेली बाई. कळलं तेव्हा मी फोन केला. रडू येत होतं.

"ताई, माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं नाही. त्याच्यामुळं. नाव घ्यायचं तर नीट घे."

तेव्हापासून नीट घेते. विकीदादानं मला मारलं. माझी फायटिंग झाली नाही. ज्या दिवशी मी फाइट देईन त्या दिवशी मी स्वतः सांगीन की दिली, आणि रजिस्टरात तो शब्द माझ्या हातानं लिहीन.

शोभाताई, तुम्ही कामगार ऑफिसात तक्रारीचा अर्ज केलाय, मला ठाऊक आहे. साक्षीला कुणी पुढं येत नाही, तेही ठाऊक आहे. माझं नाव घाला. पूर्ण घाला. ज्या दिवशी बोलावतील त्या दिवशी मी दिंडोरीला येईन, विकीदादाच्या समोर उभी राहीन, आणि याच तोंडानं बोलेन. याच काळ्या जिभेनं.