मेथीचे वाफे आणि बंद घड्याळ

आवडाबाई सत्तरीच्या आहेत. शहाडजवळ, उल्हास नदीच्या काठाला त्यांचा जमिनीचा एक तुकडा आहे. बाकीच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एका इमारतीत त्या राहतात. लिफ्ट आहे, खाली मुलाची गाडी आहे. तरी उजाडलं की विळा आणि बादली घेऊन त्या नदीकडे निघतात. माहेर खाडीकडचं, तिथे लहानपणी मिठागरात राबल्या. लग्नानंतर भात लावला. आता भाजी पिकवतात. काम बदललं, उठायची वेळ बदलली नाही.

मी त्यांच्या इमारतीमागच्या चाळीत राहतो. कारखान्यात फिटर होतो, आता निवृत्त. माणसाचं काम बघितल्याशिवाय मला त्याच्याबद्दल मत बनवता येत नाही. आवडाबाईंचं काम मी बघितलं आहे. पाणी सोडण्याआधी त्या प्रत्येक वाफ्याची कड हाताने दाबून घेतात. त्यांच्या वाफ्यातून पाणी फुटून गेलेलं मी पाहिलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्या काठावर घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना, आणि हाक ऐकायला आसपास कोणी नव्हतं. कोणीतरी म्हशी घेऊन आला तेव्हा सुटका झाली. मुलगा कमलेश ठाण्याला कोर्टात कामाला आहे. त्याने त्याच दिवशी शेत बंद करून टाकलं. आवडाबाईंनी जेवण बंद केलं. मग नातीने, ऋतिकाने, मधला रस्ता काढला. ती नाशिकला नर्सिंग शिकते. तिने आजीला स्मार्टवॉच घेऊन दिलं. आजी पडली तर कमलेशच्या फोनवर लगेच खबर जाते. ठरलं असं की हातात घड्याळ असेल तर शेतावर जायचं, नसेल तर नाही. आवडाबाईंनी कबूल केलं आणि शब्द पाळला. अंघोळीला जाताना मंगळसूत्र काढत नाहीत, घड्याळ मात्र काढून देवापाशी ठेवतात.

दसरा झाला आणि पुढच्या आठवड्यात घड्याळ बंद पडलं. आदल्या रात्री चार्जिंगला लावलेलं, सकाळी पडदा काळा. कमलेशने बघितलं, दोनचार वेळा बटण दाबलं आणि रविवारी कल्याणला दुकानात दाखवू म्हणाला. त्या दिवशी मंगळवार होता. मेथी नुकतीच दोन पानांवर आलेली आणि ऊन ऑक्टोबरचं. एक दिवस पाणी चुकलं तर रोप मान टाकतं. रविवारपर्यंत वाफ्यात माती तेवढी उरली असती.

मी म्हणालो, रविवारपर्यंत मी येतो तुमच्याबरोबर. त्यांना ते लागलं.

"मना राखण ठेवतोस काय रं? मी काय पिकलेला आंबा हाय?"

मग मी एकटाच जातो म्हणालो. यावर त्यांनी जरा विचार केला आणि बादली माझ्या हातात दिली. सूचना जिना उतरेपर्यंत चालू होत्या. पाणी ओतायचं नाही, सोडायचं. आधी कड बघायची. पान भिजवायचं नाही, मूळ भिजवायचं. बेचाळीस वर्षं मी यंत्रं उघडली आणि बसवली आहेत. बादलीने पाणी घालायला एवढं शिकवायचं काय, असं मनात आलं.

त्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून शेत दिसतं, हे माझ्या लक्षात नव्हतं. तिसरा वाफा आटपून कंबर सरळ केली तोच खिशातला फोन वाजला.

"जगन, कोपरा कोरडा हाय."

वर पाहिलं तर गच्चीच्या कठड्याशी आवडाबाई. मी कोपऱ्यात पाणी घातलं. परत फोन. पाणी घातलंस की शिंपडलंस, एवढंच विचारून ठेवून दिला. मी गुडघ्यावर बसून बोट मातीत खुपसलं. वरची कातडी तेवढी ओली होती, खाली भुगा. मग सगळे वाफे पहिल्यापासून परत केले. त्या दिवशी माझ्या कंबरेला कळलं की रोज सकाळी ही बाई काय करते.

बादली परत द्यायला गेलो तेव्हा त्यांनी चहा ठेवला होता. ओट्यावर घड्याळ आणि चार्जर पडलेले. फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला होता आणि त्यात ऋतिका होती. तिचं कॉलेज दुपारचं. ती एकेक गोष्ट करायला सांगत होती, आणि सांगत होती ते रीतीने. आधी दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून बघा. मग फोनचं अडॅप्टर वापरून बघा. मग घड्याळाचं बटण दाबून धरा, सोडू नका. आवडाबाईंनी नखाखालचं बोट पांढरं होईपर्यंत दाबून धरलं. काही झालं नाही.

"बॅटरी गेली असेल," मी म्हणालो.

"इतक्यात नाही जात, काका," ऋतिका म्हणाली. "मागची बाजू दाखवा ना कॅमेऱ्यात."

घड्याळाच्या पाठीला दोन पिवळे ठिपके असतात. चार्जरच्या टोकाला लोहचुंबक आणि दोन बारीक पिना. पिना ठिपक्यांना टेकल्या की वीज आत जाते. आवडाबाईंनी ती पाठ पदराने इतकी पुसली होती की चमकत होती. पण ठिपक्यांच्या कडेला बारीक काळपट रेघ दिसत होती. मी चार्जर भिंतीतून काढला आणि उजेडात धरला. नखाने एक पिन दाबली. खाली गेली, वर आली. तिला आत स्प्रिंग असते. दुसरी दाबायला गेलो तर ती आधीच खाली बसलेली. वर येतच नव्हती. म्हणजे ती ठिपक्याला टेकतच नव्हती.

काडेपेटीतली काडी मी विळ्यावर टोकदार करून घेतली आणि पिनेच्या कडेने फिरवली. तांबूस भुकटी निघाली. माझा जन्म लोखंडात गेला. तांबूस दिसलं की मला एकच सुचतं.

"गंज आहे," मी म्हणालो.

आवडाबाईंनी ती भुकटी बोटावर घेतली, थुंकी लावून चोळली. बोट लालभडक झालं. त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या.

"गंज नाय रं, जगन. कुकू हाय. माजाच."

झालं होतं असं. दसऱ्याला त्यांच्या घरी अवजारांची पूजा असते. विळा, कोयता, पाण्याची बादली, कमलेशची गाडी, सगळं एका रांगेत. यंदा रांगेत घड्याळही होतं, कारण त्याच्याशिवाय शेत नाही. आमच्या घरी ही पूजा नसते. दसऱ्याला आम्ही विहारात होतो, त्यामुळे मी ते पाहिलेलं नव्हतं. पण कारखान्यात मी अशी पूजा वर्षानुवर्षं पाहिली आहे. हार घालायला मी नसायचो. आदल्या दिवशी यंत्र घासायला मात्र सगळ्यांच्या आधी असायचो. तेव्हा त्यांचं म्हणणं मला लगेच समजलं. विळ्याला कुंकू पात्याला लावतात, मुठीला नाही. जी बाजू काम करते तिचा मान. आवडाबाईंनी त्या दिवशी ऋतिकाला फोन करून नीट विचारलं होतं, ह्या घड्याळाची कामाची बाजू कुठली. ती म्हणाली, मागची, नाडी तिथूनच कळते. मग पाठीला हळद-कुंकू लागलं. चार्जर त्याचा जोडीदार, म्हणून त्यालाही. वर नारळाचं पाणी शिंपडलं. घड्याळात जेवढी वीज होती तेवढ्यावर ते दोन दिवस चाललं, त्यामुळे दसऱ्याचा संशय कोणाला आला नाही.

फोनमध्ये ऋतिका तोंडावर ओढणी धरून हसत होती.

"आजी, तू विचारलंस तेव्हा मला वाटलं तुला डॉक्टरीची आवड लागली."

"हस तू. तूच बोललीस मागची."

साफ करायला आम्ही दोघे बसलो. करोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली अजून होती. जुना टूथब्रश त्यात जरासा बुडवून मी पिनेवर फिरवत होतो, त्या घड्याळाचे ठिपके साफ करत होत्या. मी थांबलो की त्या चार्जर हातातून घेऊन बघायच्या आणि परत द्यायच्या. शेवटी पिन टक करून वर आली. दाबली, परत आली. दोन्ही वस्तू वाळू दिल्या, मग घड्याळ चार्जरला लावलं.

पडदा काळाच.

आवडाबाईंचा चेहरा उतरला. बादली त्यांनी ओट्याखाली सरकवली, जशी पावसाळा संपल्यावर छत्री ठेवतात तशी. मी टूथब्रश धुवायला घेतला. चुकीचा धीर देणं हे चुकीच्या कामासारखंच.

"हात लावू नका," ऋतिका म्हणाली. "बॅटरी पार रिकामी झाली की वेळ लागतो. चहा प्या."

चहा प्यायलो. दुसऱ्यांदा गरम करून परत प्यायलो. आवडाबाई लसूण सोलायला बसल्या, पाठ घड्याळाकडे. मी बघत होतो, म्हणून पडद्यावर विजेची हिरवी खूण उमटली ती मला दिसली. मी सांगायच्या आधीच ते ओट्यावर थरथरलं आणि त्यांनी मान वळवली.

त्यांनी लसणाचे हात धुतले, कमलेशला फोन लावला आणि घड्याळ चालू झालं, संध्याकाळी मी शेतावर चालले, एवढंच सांगितलं. तो बिचारा कोर्टात होता, हो म्हणाला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्या गेल्या. मी गच्चीवर गेलो. तिसऱ्या वाफ्यापाशी त्या वाकल्या, बोट मातीत घातलं, आणि तो कोपरा परत भरला. मी फोन काढला होता, पण बोलण्यासारखं काही नव्हतं. पाणी त्यांनी सोडलं होतं, ओतलं नव्हतं.

दिवाळीत मेथीची पहिली जुडी आमच्या घरी आली. माझी बायको केशरबाई भाजी निवडताना म्हणाली, एक पान पिवळं नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फराळाला बोलावलं म्हणून आम्ही वर गेलो. पाटावर घड्याळ होतं. कुंकवाचं बोट पट्ट्याच्या टोकाला, बकलावर. चार्जर दूर खिडकीत, पिशवीत गुंडाळलेला.

मी बकलाकडे बघतो आहे हे त्यांना दिसलं.

"ह्याचं पातं नाजूक हाय," त्या म्हणाल्या. "ह्याला मुठीलाच चालंल."