सहा मिलिमीटरचे साडूभाऊ

मी तीन भिंगं स्वच्छ पुसली. आयुष्यात चुका पुष्कळ केल्या, पण इतकं मन लावून केलेली चूक ही एकच. आणि ती केली आमच्या साडूभाऊंच्या शेडमध्ये, म्हणजे ज्या माणसाइतका जाडीचा द्वेष अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केला नसेल, त्याच्या.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. एमआयडीसीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये ते भिंगं घासत. घड्याळजी डोळ्याला लावतात ती काच, जत्रेतल्या दुर्बिणी, शाळांचे सूक्ष्मदर्शक, असला माल. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हे व्हर्नियर लावत आणि समोर येईल त्याची जाडी मोजत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताईंची भाकरी मोजली आणि निकाल दिला, "कडेला दोन मिलिमीटर, मध्ये साडेतीन. ही बहिर्गोल आहे." ताई राहात्याकडच्या, त्यांनी ताट उचललं. "मग हिच्यातनं उजेड पाडा. जेवायची गरज न्हाई." रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश तास उलटून गेला की साडूभाऊ माझ्या कानाशी येत. "मास्तर, मजकूर तोच ठेवून हा निम्म्यात बसवता येईल."

मोबाईल त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो राहात्याच्या एका लग्नात, साखर कारखान्याच्या कुणा संचालकाच्या हातात. रेंज नव्हती, पण संचालकांनी तो मांडवभर मिरवला होता. साडूभाऊंनी हात पुढे केला. संचालक खूश. "बोला, कुणाशी बोलायचंय?"

"कुणाशी नाही. मापायचाय."

मापून झाल्यावर ते पंगतीत माझ्या शेजारी बसले आणि जिलेबीला हात न लावता म्हणाले, "मास्तर, हा पातळ होत जाणार. आणि एक दिवस याच्यात कॅमेरा बसणार. पण त्याला सहा मिलिमीटरच्या आतलं भिंग लागेल. ते कुणीतरी करायला पाहिजे." आजूबाजूची पंगत हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि प्रकाशाचा धडा मला पाठ होता.

पुढची चार वर्षं त्यांनी हाच उद्योग केला. एक भिंग पुरत नाही, रंग फाटतात; म्हणून तीन, एकापाठोपाठ एक, प्रत्येक मसुराच्या दाण्याएवढं. अडचण काय, ते त्यांनी मला असं समजावलं: "उजेड म्हणजे आपली एसटी. घाटात सावकाश वळवली तर कुणाला काही होत नाही. तीच गाडी बोळात वळवा, कडेच्या सीटवरचे सगळे ओकतात. चित्राच्या कडा म्हणून फाटतात." तीस वर्षं मी मुलांना अपवर्तन शिकवलं, पण ते मला समजलं त्या दिवशी. जुन्या कॅलेंडरांच्या मागे ते किरण काढत, पन्नास पट मोठे. कॅलेंडरं जोडून जोडून आकृती दिवाणापासून चुलीपर्यंत गेली. ताई भाजीचं पातेलं घेऊन निघाल्या की आतून हाक येई, "किरणांवर पाय देऊ नका!"

शेवटी पुण्याच्या एका कंपनीचे साहेब नमुना बघायला तयार झाले. त्यांना पसंत पडला, तर कंपनी पैसा घालणार होती, मशीन देणार होती. नाही पडला, तर साडूभाऊ पुन्हा जत्रेच्या दुर्बिणींना लागणार होते. शनिवारी सकाळी साहेब येणार. साडूभाऊंनी मला बोलावलं, कारण साहेबांशी इंग्रजी बोलायला कुणीतरी हवं होतं. ते रस्त्यावर साहेबांची गाडी बघायला गेले आणि काळ्या मखमलीवर ठेवलेल्या त्या तीन भिंगांपाशी मी एकटा उरलो.

सहज घड्याळजीची काच डोळ्याला लावली. प्रत्येक भिंगाच्या कडेला काळा ठिपका! साडूभाऊंच्या कामावर डाग, आणि साहेब दारात! मी स्पिरिटची बाटली काढली, मऊ फडकं घेतलं आणि तिन्ही दाणे उलटसुलट करून असे लखलखीत पुसले की माझं मलाच कौतुक वाटलं.

तो ठिपका पेन्सिलीचा होता. भिंगाची पुढची बाजू कोणती, याची खूण. दोन्ही बाजू इतक्या सारख्या की साडूभाऊंनाही नुसत्या डोळ्यांनी कळत नसत.

साहेब आले. साडूभाऊंनी काच डोळ्याला लावून भिंगं पाहिली, तिन्ही एकदा उलटून पाहिली आणि चिमट्यानं नमुन्याच्या नळीत बसवली. नळीच्या मागच्या टोकाला नखाएवढ्या दुधी काचेवर चित्र उमटलं ते फुटलेल्या अंड्यासारखं. त्यांनी एक भिंग उलटं केलं. पुन्हा अंडं. तीन भिंगं, प्रत्येकाच्या दोन बाजू. आठ तऱ्हा होतात. हे गणित मला लगेच आलं. सांगायचं धैर्य आलं नाही. मी साहेबांशी इंग्रजीत हवापाण्यावर बोलत राहिलो. एकेका तऱ्हेला दहा मिनिटं जात होती, आणि साहेबांना शिर्डीची दुपारची आरती गाठायची होती. पाचव्या अंड्यानंतर ते उठले. "कळवतो," म्हणाले. पुण्याहून 'कळवतो' म्हणजे काय, हे नगरच्या माणसाला कळतं.

गाडी गेल्यावर मी म्हणालो, "साडूभाऊ, ते ठिपके..."

"माहीत आहे. तुमच्या बोटांना स्पिरिटचा वास येतोय."

"मग साहेबांना सांगायचंत ना! त्यांनी अर्धा तास दिला असता."

"दिला असता." ते चिमटा पुसत होते. "पण पाहुण्यांसमोर साडूचं नाव कसं घ्यायचं, मास्तर?"

मला बसायला स्टूल सापडेना. त्यांनी शांतपणे सहावी तऱ्हा लावली, मग सातवी, आणि मला म्हणाले, "जरा खिडकीशी उभे राहा." बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी नळी माझ्याकडे न देता, डबा घेऊन आलेल्या ताईंच्या हातात दिली. आज प्रत्येकाच्या खिशात असलं भिंग आहे. ते कुणी केलं मला ठाऊक नाही. साडूभाऊही आता नाहीत. पण त्या शनिवारी, साहेब गेल्यावर वीस मिनिटांनी, ते नगरमध्ये झालं होतं, कडेपर्यंत स्वच्छ, हे मी शपथेवर सांगेन. साक्षीदार एकट्या ताई. त्यांनी काच डोळ्याला लावली, खिडकीकडे नळी धरली आणि नवऱ्याला म्हणाल्या,

"लई झ्याक दिसतंय हो. पन चार वर्सं डोळे फोडून शेवटी बघितलं काय, तर भाऊजींचं तोंड!"